रिकाम्या गाडीचं वजन

रविवारी दुपारी मी झोपते.
आई म्हणते, जवान पोरीनं दिवसा झोपू नये,
लक्ष्मी दारातून परत जाते.
मी कानात कापूस घालते.
कापसाला तोटा नाही आमच्याकडे.

साडेसहाला वरण-भात, तिखट नाही.
पोट शांत असलं की बोट शांत राहतं,
हे तीन हंगाम हरून शिकले.
दोन सिम, एक पॉवर बँक,
एक दोनशे पानी वही, वर लिहिलंय 'आवक-जावक',
म्हणजे कोणी उघडत नाही.
आणि महिन्याचे आठशे रुपये, पगारातून बाजूला काढलेले,
गेलात तर गेलात, असं त्यांना आधीच सांगून ठेवलेले.

मग स्कूटी, सात किलोमीटर, फाट्यावरचं जिनिंग.
रात्रपाळी. काट्याची केबिन.
काचेपलीकडे गाड्यांची रांग पार आर्वी रोडपर्यंत.

काटा मला आधी आला, पत्ते नंतर.
भरलेली गाडी चढते, आकडा थरथरतो,
बारा हजार चारशे ऐंशी, चारशे साठ, पाचशे दहा,
ड्रायव्हर खिडकीतून हात हलवतो, मारा ना मॅडम बटन.
मी नाही मारत.
आकडा बसेपर्यंत नाही.

व्यापाऱ्याच्या गाडीत कधीकधी
वर कोरडं पांढरं हसू
आणि खाली पाणी मारलेलं.
रघोजी उईके, आमचा ग्रेडर, डोळ्यांनी बघतच नाही;
कोपरापर्यंत हात घालतो आणि आभाळाकडे पाहतो.
"वरचा कापूस बोलते, खालचा चूप राह्यते."
टेबलावर कोणी एकदम ढीग लोटला
की मीही कोपरापर्यंत हात घालते:
मागच्या चाळीस डावांत हा कधी बोलला,
कधी चूप होता.

तिथे माझं नाव काटेवाली.
सगळ्यांना वाटतं, असेल कोणी मिशीवाला.

त्या रात्री अकराशे जण बसले होते.
पैसे दीडशेंना.
पहिले तीन तास मी नुसते पत्ते टाकले.
राजा-नव्वी टाकली. गुलाम-दश्शी टाकली.
दुर्रीची जोडीसुद्धा, जरा वेळ बघून, टाकली.
मध्ये सतरा गाड्या तोलल्या.
"इतक्या राती मोबाईलमंदी काय करता वो मॅडम?"
"टाकून राह्यली."
"काय?"
"ठेवण्यासारखं नाही ते."
तो पावती घेऊन गेला, मागे वळून बघत.

एकशे बावन्न उरले आणि सगळे दगड झाले.
अजून दोघे गेले की बाकीच्यांचे पैसे पक्के,
मग हलतो कोण?
मी तेव्हाच लोटायला लागले,
हातात काही नसताना.
भ्यालेल्या माणसाकडून काही घेऊ नये, असं आई म्हणते.
आई पत्ते खेळत नाही.

पहाटे तीनला लाईन गेली.
काटा बॅटरीवर, केबिन अंधारात, राऊटर मेला.
दुसरं सिम. दोन काड्या. एक काडी.
ते वर्तुळ फिरतंय, फिरतंय,
आणि परत आले तेव्हा चार सेकंद शिल्लक,
हातात एक्का-सत्ती, समोर कोणीतरी आधीच वाढवलेलं.
मी सगळं लोटलं.
त्याच्याकडे राण्यांची जोडी.
शंभरात जेमतेम तीस माझे,
आणि शेवटचं पान, किलवरचा एक्का.

चौथी आले. रक्कम सांगत नाही.
सांगितली तर गावात पोचेपर्यंत
तिच्यावर कोणी ना कोणी पाणी मारेल.

पाचला चहा आला. वही उघडली.
हरलेले डाव काळ्या पेनानं, सवयीनं.
मग लाल पेन घेतलं:
एक्का-सत्ती. चुकलं. घाबरून लोटलं.
एक्का आला म्हणून खेळ बरोबर होत नाही.

तेवढ्यात रात्रीची पहिली गाडी
माल उतरवून परत काट्यावर चढली.
"रिकामीच तं आहे मॅडम, मारा लवकर."
रिकामीचंही वजन असतं, दादा.
तेच वजा केल्याशिवाय
काय आणलं होतं ते कळत नाही.
त्यानं विडी पेटवली.
आकडा अजून हलत होता.